बुजवलेल्या भेगा

आमच्या भाऊजींसमोर भिंतीला टेकून बसायची सोय नव्हती. म्हणजे बसा खुशाल, पण तुम्ही उठलात की हा माणूस तुमच्या पाठीमागची भिंत बोटाच्या पेराने ठोकून बघणार. आवाज भरीव आला तर मान हलवणार, पोकळ आला तर हातातला चहा तसाच ठेवून गिलाव्याची करणी शोधायला निघणार. परक्याच्या घरातही तेच. गावाने त्यांचं नाव ‘ओळंबा’ पाडलं होतं. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात ना, तो ओळंबा. पोरंसोरं तोंडावर म्हणायची आणि यांना त्यात गंमत वाटायची.

मी त्यांची वहिनी. माझा नवरा त्यांचा थोरला भाऊ, तोही गवंडीच. मी या घरात आले तेव्हा भाऊजी मिसरूड फुटायच्या वयाचे होते आणि विटा वाहताना शिट्टी वाजवायचे. नवरा गेल्यावर मी माहेरी जायला निघाले, तर हे दारात आडवे उभे राहिले. “वहिनी, तुमची खोली मी नुकतीच गिलावा करून दिलीय. आता तिथे कोण राहणार?” दुसरं काही बोलता आलं नाही त्यांना. मी पिशवी परत आत नेली.

त्यांचं लग्नसुद्धा भिंतीपायीच जमलं. पलीकडच्या गावात एका घराची मागची भिंत बांधायला गेले होते. चार दिवसांचं काम, पण यांचं काही संपेना. बांधायची, उतरवायची, पुन्हा बांधायची. शेवटी घरमालक वैतागून म्हणाला, “अरे बाबा, एक तर भिंत पुरी कर, नाहीतर जावई तरी हो!” त्याची मुलगी मालाची घमेली देत होती, ती तोंडावर पदर घेऊन हसली. तीच माझी धाकटी जाऊ. आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. मूलबाळ आम्हा दोघींनाही झालं नाही. त्यामुळे असेल, किंवा ती स्वभावानेच तशी होती म्हणून असेल, आमच्यात जावाजावांचं भांडण म्हणून कधी झालं नाही. म्हणजे तोंड मी करायचे, ती हसायची. हसणाऱ्याशी किती वेळ भांडणार माणूस?

आमचं गाव डोंगराच्या उतारावर. घरांच्या ओळी एकीखाली एक. वरच्याने अंगणात बादली सांडली तर खालच्याच्या छपरावर आवाज व्हायचा. पूर्वी वर गर्द झाडी होती. मग डोंगराच्या पलीकडे खडीची खाण निघाली, तिच्या गाड्यांसाठी डोंगराच्या कमरेतून रस्ता काढला आणि झाडी गेली. आम्ही झाड तोडलं नाही, रस्ता मागितला नाही, खाणीत आमच्यातलं कुणी कामालाही नव्हतं. पण पाणी उतरलं ते आमच्या घरात. त्यात पावसाचं तंत्रच बिघडलं. महिनाभराचा पाऊस एका दुपारी कोसळायचा, मग आठवडे कोरडे. डोंगर आतून फुगायचा, मग बसायचा. तो बसला की आमच्या भिंती तडकायच्या.

गावाची एक रीत होती. तडा गेला की तो दुसऱ्या दिवशी भरायचा. उघडी भेग म्हणजे घरातलं भांडण रस्त्यावर आल्यासारखं वाटायचं बायकांना. भाऊजींना तर उघडी भेग दिसली की जेवण जायचं नाही. छिन्नीने भेग आधी रुंद करायची, आतली माती झटकायची, पाणी मारायचं, माल कोंबायचा, वरून गिलावा. मग उलट्या पंज्याने हात फिरवून बघायचं. कुठे भेग होती ते त्यांचं त्यांनाच सापडायचं नाही. “बघा वहिनी, होती का इथे?” असं विचारायचे, लहान मुलासारखे.

तडे बघायला सरकारी कचेरीतून पहिला माणूस आला त्याला बरीच वर्षं झाली. गावातल्या सगळ्या पुरुषांसमोर त्याने भिंतीवर बूट आपटला आणि म्हणाला, “डोंगरबिंगर काही हलत नाही. तुमचा गवंडी कच्चा आहे.” आणि गाडीत बसून निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी गाडीमागे दोन शिव्याही हासडल्या.  घरी येऊन भाऊजींनी बापाने बांधलेल्या भिंतीपासून स्वतः बांधलेल्या भिंतीपर्यंत सगळ्यांना ओळंबा लावला. सगळ्या सरळ होत्या. तरी ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. कधी जेवता जेवता मध्येच म्हणायचे, “कच्चा म्हणजे काय हो वहिनी?”

मग शाळेचे मास्तर मनावर घेऊन उठले. त्यांनी कुठून कुठून कायदा वाचून काढला आणि शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बसवून सांगितलं. गावाखालची जमीन जात असेल तर सरकारने अख्खं गाव एकत्र, गावाला विचारून, सुरक्षित जागी वसवायचं. घराला घर, शेताला शेत, शेजाऱ्याला शेजारी. “ही भीक नाही, हा आपला हक्क आहे,” मास्तर म्हणाले. धाकटीने मला कोपराने ढोसलं. “ताई, शेजाऱ्याला शेजारी म्हणजे ती दुकानदारीण तिथेही आपल्याच बोकांडी का?” मी हसले, पण खरं सांगायचं तर तेच हवं होतं आम्हाला. दुकानदारीणही हवी होती. शहरात कुणाच्या तरी जिन्याखाली एकएकटं जाऊन मरायचं नव्हतं. जायचं तर सगळ्यांनी जायचं.

मास्तरांनी अर्ज केले, खेटे घातले. शेवटी कचेरीने कळवलं की समिती येणार. मास्तर तारीख पक्की करायला शहरात गेले आणि तिथेच कचेरीच्या दारात बसून राहिले. समितीला जीपमध्ये घातल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. इकडे निरोप आला, येत्या आठवड्यात येतोय.

आता जे झालं त्याला कुणी मूर्खपणा म्हणेल. म्हणू दे. मोठी माणसं आपल्या दारात येणार म्हटल्यावर कोणती बाई घर पसरून ठेवेल? आणि भाऊजींचं तर वेगळंच चाललं होतं. ते पटांगणात उभं राहून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलले असतील. “मागच्या वेळी तो म्हणाला गवंडी कच्चा. या वेळी त्यांना बोलायला जागा ठेवायची नाही. एकेक भिंत अशी करू की बोट दाखवता येणार नाही. मग दोष राहील तो डोंगराचाच.” सगळ्यांना पटलं. इतकं सरळ वाटलं की कुणी शंकाही काढली नाही.

तो आठवडा म्हणजे लग्नघर झालं होतं. ज्याला जे जमेल ते तो करत होता. कुणी वाळू चाळली, कुणी पाणी भरलं, दुकानदारिणीने चुन्याची पोती काढून दिली आणि वर स्वतः ब्रश हातात घेतला. भाऊजी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शिडीवर. धाकटी खालून ओरडायची, “अहो, खाली या, शिडीला मुळं फुटतील!” एकट्या भाऊजींच्या हाताला न पुरलेले, पुन्हा पुन्हा उघडणारे तडे भरले, ज्या भेगांतून हात जायचा त्या भरल्या, वरून चुना दिला. शेवटच्या संध्याकाळी गाव असं दिसत होतं की मलाच वाटलं, अगं बाई, इथून जायचं कशाला?

समिती आली. एक साहेबीण, चष्मा लावलेली, बोलायला मऊ. एक मोजमापवाला आणि एक फोटो काढणारा कारकून. मागून मास्तर उतरले. साहेबीण चारी बाजूंना बघून म्हणाली, “किती सुंदर ठेवलंय हो गाव!” आमच्या बायका लाजल्या. मी मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला होता. ते भिंतींकडे बघत होते. मग भाऊजींकडे. मला तेव्हाही कळलं नाही.

“भेगा दाखवा,” मोजमापवाला म्हणाला.

मास्तर त्याला घराघरांतून फिरवायला लागले. इथे होती. इथे होती. ही तर आरपार होती. मोजमापवाला पट्टी घेऊन वाकायचा आणि सरळ व्हायचा. त्यांचा नियम असा होता की घराच्या मुख्य भिंतीला बोटभर रुंद भेग पाहिजे, आणि अशी घरं निम्म्याहून जास्त पाहिजेत, तर गाव धोक्यातलं.

“अहो, भरल्या आहेत त्या,” मी म्हटलं. “गेल्याच आठवड्यात. हात लावून बघा, ओल आहे अजून.”

“आजी, आम्ही जे दिसतं तेच नोंदवतो.”

“मग वर बघा ना! डोंगर दिसत नाही? तो रस्ता खचलेला दिसत नाही?”

“डोंगर आमच्याकडे येत नाही,” साहेबीण समजावून सांगत म्हणाली. “ते दुसरं खातं. आमच्याकडे फक्त घरं.”

“तुमच्याकडे येत नसेल. आमच्याकडे रोज येतोय.”

ती हसली. चांगली होती हो बाई, तीच तर रड आहे. कुणी वाईट असतं तर निदान भांडता आलं असतं.

एवढ्यात मागून धप्प आवाज आला. भाऊजींनी हातोडा घेतला होता. आमच्याच घराची पुढची भिंत, काल चुना दिलेली, ती ते फोडत होते. “थांबा, दाखवतो. थांबा, जाऊ नका, आत आहे, दाखवतो.” गिलाव्याचे पापुद्रे पडत होते, आतून नवा माल निघत होता. त्यांनी तो इतका घट्ट कोंबला होता की निघेना. मग ते शेजारच्या घराकडे पळाले, तिथे मारायला लागले. घामाने चुना तोंडावर ओघळला होता. मी या माणसाला भिंतीला एक खिळासुद्धा हळू ठोकताना पाहिलं होतं. धाकटी “अहो, अहो” करत मागे धावली.  फोटोवाला कारकून सगळं टिपत होता.

मोजमापवाल्याने त्या भगदाडावर पट्टीसुद्धा लावली नाही. “हे तर तुम्ही आत्ता फोडलंत,” म्हणाला.

पुढे समितीचा अहवाल मास्तरांच्या हाती आला तो असा. गाव सुस्थितीत आहे, बांधकाम उत्तम आहे, आणि काही रहिवाशांनी पाहणीच्या वेळी स्वतःच्या भिंती मुद्दाम फोडून समितीची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला. मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा भाऊजी दाराशी उभे होते. ‘बांधकाम उत्तम’ ऐकायला या माणसाने इतकी वर्षं वाट पाहिली होती. आणि आलं ते असं आलं!

मास्तर माणूस चिवट. त्यांनी पुन्हा अर्ज केला. पण या वेळी सगळ्यांना बजावलं की आता एकाही भेगेला हात लावायचा नाही. तडा जुना दिसला पाहिजे, कडा झिजलेल्या दिसल्या पाहिजेत. समिती पुन्हा येईल तेव्हा गाव जसंच्या तसं दिसलं पाहिजे. भाऊजींनी त्याच दिवशी करणी, थापी, ओळंबा पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

त्यानंतरचा काळ सांगायला मला नको वाटतं. एका पावसानंतर सगळ्या भेगा पुन्हा उघडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. भाऊजी गावातून हिंडायचे आणि नुसते बघायचे. बोटं शिवशिवायची, ती खिशात घालायचे. लोक भेगांत चिंध्या कोंबायचे, मास्तर येऊन त्या काढायला लावायचे. मग एकेक घर निघायला लागलं. जो गेला तो स्वखुशीने गेला असं कचेरी धरत होती, त्याचा हक्क संपला. दुकानदारीण गेली तेव्हा धाकटीच्या गळ्यात पडून रडली. जिच्याशी दर आठवड्याला मापावरून वाजायचं, ती. “शेजाऱ्याला शेजारी” म्हणायला आता शेजारीच उरले नव्हते.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला छतापासून खाली एक भेग उतरली होती. तिच्यातून सकाळचं ऊन आत यायचं. धाकटीला कशाचंही हसू यायचं, तिने त्या भेगेत आपला कंगवा आणि सुईदोरा ठेवायला सुरुवात केली. “ताई, फुकटचं फडताळ झालं मला.” पुढे भेग वाढली, तिथे तेलाची बाटली राहायला लागली. मला ते बघवेना. एक दिवस मी भाऊजींना धरलंच.

“भाऊजी, ही तेवढी भरा. पाया पडते तुमच्या. बाकी सगळ्या राहू द्या.”

“नाही वहिनी.”

“अहो, आपण तिथे बसतो-उठतो!”

“सगळ्यात मोठी तीच आहे. तीच दाखवायची आहे.” मग खाली बघून म्हणाले, “एकदा भरल्या, त्याने गाव बुडालं. आता माझ्या हाताने पुन्हा नाही.”

मी धाकटीकडे बघितलं. तिने डोळ्यांनी मला गप्प बसवलं. नंतर हळूच म्हणाली, “त्यांना नका बोलू ताई. झोपेत हात फिरवतात हो ते भिंतीवरून.”

समिती आली नाही. दुसऱ्या गावाचं काम निघालं, मग साहेबिणीची रजा, मग गाडी नाही. मास्तर फोन करून करून थकले.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी पाऊसही नव्हता. दोन दिवस बदाबदा कोसळून थांबला होता आणि छान ऊन पडलं होतं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भाऊजी ओट्यावर बसून होते. आत धाकटी भिंतीला टेकून कांदे सोलत होती, कांद्याने डोळे चुरचुरतात म्हणून स्वतःशीच कुरकुरत होती. ते मला ऐकू येत होतं. मग खालून, घराच्या पायाकडून, पोतं ओढल्यासारखा आवाज आला. मी वळले तर स्वयंपाकघराच्या जागी धूळ होती.

भाऊजी आत शिरले. दगड उचलून मागे फेकत होते, नखं उलटली तरी थांबेनात. लोक धावून आले, आम्ही सगळ्यांनी हात लावला. ती सापडली तेव्हा हातात कांदा तसाच होता. बाकी मी सांगणार नाही. माझी धाकटी होती ती, मी गेल्यावर मागे राहायची ती, आणि मी तिला माझ्या हातांनी पुसली.

समिती मग तिसऱ्याच दिवशी आली. रजा संपली, गाडी मिळाली. तीच साहेबीण. या वेळी तिने गावाचं कौतुक केलं नाही, खाली मान घालून उभी राहिली. मोजमापवाला पडक्या भिंतीपाशी गेला, राहिलेल्या अर्ध्या भागावरच्या भेगेला पट्टी लावली, कारकुनाने फोटो काढले. सगळ्या घरांतून फिरून आले. मग साहेबीण मास्तरांना म्हणाली, “आता बसतं नियमात. मी स्वतः शिफारस करते. जेवढे राहिलेत तेवढ्यांना एकत्र जागा मिळेल.” मागच्या गर्दीत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, आणि कुणीतरी म्हणालं, “तिच्या जिवावर गाव सुटलं.” मला वाटलं त्याची जीभ हासडावी. पण तोही माझ्यासारखाच, उद्या त्याच्या डोक्यावर पडणारी भिंत चुकली म्हणून बोलला.

साहेबीण भाऊजींसमोर आली. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. “एक शेवटची माहिती लागते,” ती म्हणाली, अगदी हळू आवाजात. “भेग जुनी आहे, बरेच महिने आधीची आहे, ते दिसतंय. तुम्ही स्वतः गवंडी आहात. मग ती वेळेत भरली का नाही?”

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही हो. राग मला आला होता, त्यांना नव्हता. एखाद्याने रस्ता विचारला आणि आपल्याला माहीत असला तर सांगतो, तसं त्यांनी सांगितलं.

“तुम्हाला दाखवायला ठेवली होती, बाई.”